नवी टेबल सॉ घेताना आधी बोटांचा विचार

गॅलरीत किंवा गच्चीवरच्या खोलीत हौसेने सुतारकाम करणाऱ्याची टेबल सॉ एका दिवसात बंद पडत नाही. आधी बेअरिंग कुरकुरू लागते. मग फळी टेकवायची पट्टी, म्हणजे फेन्स, एका टोकाला सरकू लागते आणि सागाच्या फळीच्या कडा करपतात. शेवटी मोटारीतून जळका वास येतो आणि नवी घ्यायचे ठरते. दुकानात चौकशी होते ती मोटार किती एचपीची, ब्लेड किती इंची आणि सूट किती, याची. गार्ड कसा बसतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

याचे कारण जुन्या यंत्राकडेच असते. त्याचा गार्ड बहुधा पहिल्या काही दिवसांतच ‘आड येतो’ म्हणून काढून माळ्यावर टाकलेला असतो. काही घरांत तर जुनी टेबल सॉ म्हणजे प्लायला खाच पाडून खालून उलटा बसवलेला हातकटर. बटण दाबलेले राहावे म्हणून त्याला टेप गुंडाळलेली. फ्लॅटचे फर्निचर होत असताना असे टेबल अनेकांनी पाहिलेले असते. ते बंद करायचे तर भिंतीवरचा स्विच गाठावा लागतो, आणि नेमक्या संकटाच्या क्षणी दोन्ही हात फळीवर असतात.

दहा इंची पाते मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. समोरचे दात खाली जातात, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबले जाते. मागचे दात मात्र वर येत असतात. कापलेली फट मागे मिटली किंवा फळी तिरपी झाली, की हे मागचे दात तिला उचलतात आणि काम करणाऱ्याच्या अंगावर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. फळी पोटात किंवा छातीत बसते हा त्यातला एक धोका. दुसरा अधिक वाईट. ज्या फळीला जोर लावलेला होता तीच नाहीशी झाल्याने हात तोल जाऊन पात्यावर जातो. माणसाला दचकून हात मागे घ्यायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात पाते तेरा वेळा फिरलेले असते.

अमेरिकेत टेबल सॉमुळे जखमी होऊन दरवर्षी सुमारे ३० हजार लोक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचतात, असा तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. ही जखम सुरीच्या जखमेसारखी नसते. पाते जेवढे जाड, तेवढी दोन-तीन मिलिमीटरची ऊती भुशासारखी उडून जाते. मज्जातंतू, शिरा आणि स्नायुबंध यांची टोके फाटलेली असतात व जुळवताना अपुरी पडतात. बोट जोडले गेले तरी त्यात पूर्वीची संवेदना आणि वाक येईलच असे नाही.

म्हणून नव्या यंत्रात सर्वांत आधी पाहायची ती रायव्हिंग नाइफ. पात्याच्या मागे, त्याला जवळजवळ चिकटून उभी असलेली पोलादी पट्टी. ती कापलेली फट मिटू देत नाही आणि फळी मागच्या दातांकडे सरकू देत नाही. ती पात्याबरोबर वर-खाली होते आणि पात्याबरोबरच तिरपी होते. विक्रेत्याला पाते वर-खाली करून दाखवायला सांगावे. पट्टी एका जागी राहून पाते एकटेच हलत असेल, तर तो जुन्या पद्धतीचा स्प्लिटर आहे. अर्धवट खोलीची खाच पाडताना तो काढावा लागतो, आणि एकदा काढलेला भाग परत बसत नाही हा सगळ्या वर्कशॉपांचा अनुभव. यानंतर फेन्स पात्याला समांतर घट्ट बसते का, आणि बंद करायचे बटण मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल इतके मोठे व खाली आहे का, हे पाहावे. मोटारीची ताकद त्यानंतर.

कातडीचा स्पर्श होताच थांबणारी करवतही आता निघाली आहे. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट असलेले अमेरिकेतले पेटंट वकील स्टीव्हन गॅस यांनी ती कल्पना १९९९मध्ये मांडली. पात्यावर एक क्षीण विद्युतसंकेत सोडलेला असतो. शरीर वीजवाहक असल्याने बोट लागताच तो संकेत बदलतो, स्प्रिंग सुटते आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो. सुमारे पाच मिलिसेकंदांत, म्हणजे एक तृतीयांश फेऱ्यात, पाते थांबते. प्रात्यक्षिकात बोटाऐवजी सॉसेज वापरतात, त्यावर नुसता ओरखडा उमटतो. बोट गमावण्याऐवजी एखाद-दुसरा टाका, हा फरक लहान नाही. मात्र दर वेळी ब्रेकचा संच बदलावा लागतो, पातेही बहुधा निकामी होते, आणि ओले लाकूड किंवा आत राहिलेला खिळाही ब्रेक सोडू शकतो. किकबॅकने उडालेली फळी हा ब्रेक थांबवत नाही. अमेरिकेतून यंत्र मागवणाऱ्यांनी ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे नाही ना, हेही तपासावे. आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे.

बोटे वाचली तरी नाक आणि फुप्फुसे उरतातच. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात नाकाच्या एरवी दुर्मिळ कर्करोगाचे रुग्ण सुतारांमध्ये जास्त दिसतात, हे तिथल्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले. लाकडाची धूळ आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत आहे. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा. पण बंद गॅलरीत दम्याच्या रुग्णाला एक रविवारही पुरतो, आणि सागाच्या धुळीने काहींच्या त्वचेवर पुरळ येते. दिसणारा भुसा खाली पडतो, न दिसणारी बारीक धूळ हवेत तरंगत राहते. त्यामुळे व्हॅक्युमची नळी घट्ट बसेल असे तोंड यंत्राला हवेच, शिवाय एन-९५ मास्क. कानांचेही तसेच. १०० डेसिबलच्या आवाजात संरक्षणाशिवाय दिवसाला १५ मिनिटे ही अमेरिकी व्यवसाय आरोग्य संस्थेची मर्यादा आहे. हातमोजे मात्र घालू नयेत. त्यांचा धागा दातांत अडकला तर हात आत ओढला जातो.

अपघात झालाच तर जखम स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवल्यास ऊती खराब होतात. रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नये, भूल द्यावी लागू शकते. सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय फोनवरच विचारून घ्यावे.

राहता राहिली जुनी करवत. ती सोसायटीत येणाऱ्या एखाद्या सुताराला देऊन टाकण्याकडे कल असतो, आणि तो आनंदाने नेतोही. त्याचे हात हौसेसाठी नसतात, पोटासाठी असतात. माळ्यावर गार्ड सापडला तर बसवून द्यावा. यंत्राला गार्डच नसेल, तर वायर कापून ते भंगारात घालावे.