अब्रुनुकसानीचे दावे : स्थळाचा वाद आणि खर्चाचा भार

अब्रुनुकसानीच्या दाव्यात मजकूर खरा की खोटा हाच मुख्य प्रश्न असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु वादी आणि प्रतिवादी निरनिराळ्या देशांत राहत असले, म्हणजे त्यापूर्वी दुसराच प्रश्न उपस्थित होतो : दावा कोणत्या न्यायालयाने ऐकावयाचा? या प्राथमिक वादातच पुष्कळदा वर्षे जातात व मोठा खर्च होतो. वादाचे मूळ एका शब्दाच्या अर्थात आहे. तो शब्द म्हणजे ‘प्रसिद्धी’.

मराठीत ‘प्रसिद्ध करणे’ आणि ‘प्रसिद्ध होणे’ असे दोन प्रयोग आहेत. पहिल्यात कर्त्याची कृती प्रधान आहे, दुसऱ्यात घडून आलेली घटना. इंग्लिश कायद्याने बदनामीच्या बाबतीत दुसऱ्या अर्थाला महत्त्व दिले. मजकूर वादीखेरीज अन्य व्यक्तीपर्यंत पोहोचला, म्हणजे प्रसिद्धी झाली. आणि तो जितक्या वेळा पोहोचेल तितक्या वेळा ती नव्याने होते. ब्रन्सविकच्या ड्यूकने १८३० मधील एका साप्ताहिकाचा जुना अंक १७ वर्षांनंतर आपल्या नोकराकरवी विकत आणविला. दाव्याची मुदत ६ वर्षांची असूनही, ही विक्री नवी प्रसिद्धीच होय, असे १८४९ मध्ये न्यायालयाने ठरविले. या नियमाने काळाची मर्यादा सैल झाली. पुढे इंटरनेटच्या युगात याच विचारसरणीने स्थळाची मर्यादाही सैल केली.

या दृष्टीने गटनिक विरुद्ध डाऊ जोन्स हे प्रकरण अभ्यसनीय आहे. ऑक्टोबर २००० मध्ये ‘बॅरन्स’ या अमेरिकन नियतकालिकात मेलबर्नचे व्यावसायिक जोसेफ गटनिक यांच्याविषयी लेख आला. तो इंटरनेटवरही उपलब्ध होता. गटनिक यांनी व्हिक्टोरिया राज्यात दावा लावला आणि तेथे झालेल्या हानीपुरतीच भरपाई मागितली. लेख न्यू जर्सीतील संगणकावर ठेवलेला असल्याने प्रसिद्धी तेथेच झाली, असा प्रकाशकांचा युक्तिवाद होता. १० डिसेंबर २००२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो अमान्य केला. बदनामी ही प्रकाशक आणि वाचक या दोघांच्या सहभागाने पूर्ण होणारी घटना आहे. वाचक ज्या ठिकाणी मजकूर आपल्यापुढे आणून त्याचे आकलन करतो, तेथेच हानी घडते, असे त्याचे प्रतिपादन होते.

मग प्रकाशकाने जगातील प्रत्येक न्यायालयाची धास्ती बाळगावी काय? बहुमताच्या निर्णयपत्राने या शंकेचेही उत्तर दिले आहे. जेथे वादीला नावलौकिक आहे तेथेच त्याची हानी संभवते. आणि प्रतिवादीची मालमत्ता जेथे असेल तेथे अंमलात येऊ न शकणाऱ्या निकालाला फारशी किंमत नसते. हे उत्तर तर्कशुद्ध आहे. तथापि त्यात खर्चाचा पुरेसा हिशेब नाही. हे अपील खर्चासह फेटाळले गेले, तोपर्यंत लेखाच्या सत्यासत्यतेचा निर्णय झालेलाच नव्हता. २००४ मध्ये तडजोड झाली. तीत भरपाईचे १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, तर खर्चाचे ४,००,००० डॉलर होते. म्हणजे खर्चाची रक्कम भरपाईच्या दुपटीहून अधिक भरली.

मोठ्या प्रकाशनसंस्थेला असा भार सोसतो. एकट्या संशोधकाला सोसत नाही. इंग्लंडमध्ये सामान्यतः हरणाऱ्या पक्षाला जिंकणाऱ्याचाही बराचसा खर्च द्यावा लागतो. न्यूयॉर्कच्या लेखिका रेचल एरेनफेल्ड यांच्या पुस्तकाच्या केवळ २३ प्रती इंटरनेटवरील विक्रेत्यांमार्फत इंग्लंडमध्ये पोहोचल्या होत्या. तेवढ्यावर लंडनच्या न्यायालयाने दावा चालविला. लेखिका हजर झाल्या नाहीत. २००५ मध्ये तिघा वादींना प्रत्येकी १०,००० पौंड व शिवाय खर्च मंजूर झाला. मजकुराच्या खरेखोटेपणाची उलटतपासणी झालीच नाही.

याची प्रतिक्रिया कायद्यांत उमटली. अमेरिकेने २०१० मध्ये, भाषणस्वातंत्र्याच्या तेथील कसोटीला न उतरणारे परकीय निकाल अंमलात आणण्यास मनाई केली. इंग्लंडच्या २०१३ च्या अधिनियमाने परदेशस्थ प्रतिवादीविरुद्ध दावा चालविण्यापूर्वी, प्रसिद्धीच्या सर्व स्थळांमध्ये इंग्लंड-वेल्स हेच स्पष्टपणे सर्वाधिक उचित आहे, अशी न्यायालयाची खात्री होणे आवश्यक केले. ड्यूकच्या प्रकरणातील नियमही मुदतीपुरता त्याच अधिनियमाने मागे सारला.

भारतातील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) कलम १९ मधील उदाहरण याच प्रश्नाचे छोटे रूप होय. दिल्लीत राहणाऱ्या इसमाने कलकत्त्यात बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध केला, तर वादीला दोहोंपैकी कोठेही दावा लावता येतो. निवड वादीची, प्रवास मात्र प्रतिवादीचा. कलम ३५ प्रमाणे खर्च सामान्यतः हरणाऱ्यावर पडतो. पण मंजूर होणारी रक्कम बहुधा नाममात्र असते, याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये लक्ष वेधले. म्हणून इंग्लंडात प्रतिवादीला हरण्याचे भय वाटते, तर येथे जिंकूनही झालेला खर्च पदरी येत नाही.

शब्दाची हानी तो जेथे समजला जातो तेथे होते, हा सिद्धांत भाषेच्या स्वरूपाशी सुसंगत आहे. परंतु हानीचे स्थळ आणि न्यायाचे उचित स्थळ ही एकच असली पाहिजेत, असे त्यावरून सिद्ध होत नाही. हा भेद न केल्यास निकालापूर्वीचा खर्च हीच शिक्षा होऊन बसते, आणि ती खोट्या लेखाइतकीच खऱ्या लेखालाही भोगावी लागते.