नितळ पाणी शुद्धच असतं?

पावसाळ्यात नदी गढूळ झाली, की गावोगावच्या घरांत हंड्यातल्या पाण्यात तुरटी फिरते. काही वेळाने गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी नितळ दिसतं आणि माणसं ते निर्धास्त पितात. धोका नेमका इथे आहे. तुरटी पाणी स्वच्छ करते, निर्जंतुक करत नाही.

तुरटी हा पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा सल्फेट क्षार. तिच्या स्फटिकात पाण्याचे १२ रेणू बांधलेले असतात. तव्यावर तापवली की ते उडून जातात आणि खडा फुलतो. हीच तुरटीची लाही.

गढूळ पाण्यातले मातीचे कण अतिशय बारीक असतात. त्यांच्यावरचा ऋण विद्युतभार त्यांना एकमेकांजवळ येऊ देत नाही, म्हणून ते तरंगत राहतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम हा भार शमवतं. मग कणांचे बुळबुळीत पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात. त्यांच्याबरोबर बरेच जंतूही बसतात, पण सगळे नाही, आणि उरलेले जिवंत असतात. शहरांतल्या जलशुद्धीकरण केंद्रांत गाळ बसल्यावर पाणी गाळून त्यात क्लोरीन मिसळतात, ते त्यासाठीच. घरीही वरचं पाणी अलगद ओतून घ्यावं आणि खळखळून उकळावं, किंवा त्यात क्लोरीनचे थेंब टाकावेत. हा क्रम उलटा करू नये. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या आड लपून क्लोरीनपासून वाचतात.

तुरटी जास्त फिरवली म्हणून पाणी जास्त शुद्ध होत नाही. उलट ते तुरट, आम्लधर्मी होतं आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम उरतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल, तर ०.२ पर्यंत चालतं.

विहिरीचं खारं पाणीही तुरटीने गोडं होत नाही. विरघळलेलं मीठ विरघळलेलंच राहतं. पाण्यातलं फ्लोराइड कमी करायला मात्र तुरटी उपयोगी पडते. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत त्यावरच उभी आहे. पण तिथे पाणी तपासून तुरटी आणि चुना मोजून घालतात. नुसता खडा फिरवून ते साधत नाही.



तुरटी जंतू मारते हा गैरसमज पाण्यापुरता नाही. दाढीनंतर तुरटी लावली की बारीक कापलेल्या जागेचं रक्त थांबतं, कारण तिथली प्रथिनं गोठतात आणि कातडी आकसते. त्यावरून ती सगळे जंतू मारते असं समजून सलूनमध्ये एकच खडा दिवसभर अनेकांच्या गालांवर फिरतो. रक्त लागलेल्या खड्यावरून हिपॅटायटिस बी पसरण्याचा धोका असतो. तिथे नवा खडा मागावा, नाहीतर घरचा न्यावा.