पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार

चित्रपटातील एखाद्या गीताच्या उत्कृष्ट गायनाबद्दल गायक व गायिका यांना भारत सरकारतर्फे देण्यात येणारा वार्षिक पुरस्कार. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा तो एक भाग असून सर्व भारतीय भाषांतील चित्रपटगीतांचा त्यासाठी एकत्रित विचार केला जातो. प्रस्तुत नोंदीत या पुरस्काराचे स्वरूप व इतिहास आणि त्यातील मराठी गीतांचे स्थान यांचा परामर्श घेतला आहे.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा प्रारंभ १९५४ मध्ये, १९५३ च्या चित्रपटांसाठी झाला. आचार्य अत्रे यांचा श्यामची आई हा मराठी चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. आरंभीचे पुरस्कार मुख्यतः संपूर्ण चित्रपटाला दिले जात. अभिनय, संगीतदिग्दर्शन, पार्श्वगायन इत्यादींसाठी कलावंतांना व्यक्तिशः गौरविण्याची प्रथा १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाली. त्या वर्षी उपकार या हिंदी चित्रपटातील गीताबद्दल महेंद्र कपूर हे उत्कृष्ट पार्श्वगायक ठरले. गायिकांसाठीचा पुरस्कार पुढील वर्षापासून देण्यात येऊ लागला व तो प्रथम पी. सुशीला यांना तमिळ चित्रपटासाठी मिळाला.

स्वरूप : ज्या वर्षी चित्रपटाला प्रमाणपत्र मिळते, ते वर्ष पुरस्काराचे वर्ष मानले जाते. प्रत्यक्ष समारंभ त्यानंतर होतो, तर चित्रपटगृहांतील प्रदर्शन काही वेळा आणखी उशिरा होते. त्यामुळे एकाच पुरस्काराची भिन्न वर्षे निरनिराळ्या ठिकाणी आढळतात. या नोंदीत सर्वत्र पुरस्काराचे वर्ष दिले आहे. निवड परीक्षक मंडळ करते. हे मंडळ दर वर्षी नव्याने नेमले जाते. पुढे प्रादेशिक मंडळांनी प्राथमिक निवड करावयाची व केंद्रीय मंडळाने अंतिम निर्णय द्यावयाचा, अशी द्विस्तरीय पद्धत अवलंबिण्यात आली. रजतकमळ, प्रशस्तिपत्र व रोख रक्कम असे पुरस्काराचे स्वरूप असून २०२२ च्या पुरस्कारांपासून ही रक्कम २ लाख रुपये करण्यात आली.

भाषा किंवा संगीतप्रकार यांनुसार विभागणी नसणे, हे या पुरस्काराचे प्रमुख वैशिष्ट्य होय. अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांशी तुलना केल्यास ते अधिक स्पष्ट होते. १९५९ पासून दिल्या जाणाऱ्या त्या पुरस्कारांत ध्वनिमुद्रित संगीताचे प्रकारवार वर्ग आहेत. लॅटिन अमेरिकन परंपरेतील संगीतासाठी तेथे १९७६ मध्ये प्रथम एकच पुरस्कार देण्यात आला. परंतु कॅरिबियन बेटांतील साल्सासारखे नृत्यप्रधान संगीत आणि मेक्सिकन वळणाचे गायन एकाच मापाने मोजणे गैरसोयीचे ठरल्याने १९८४ मध्ये त्याचे तीन वर्ग करण्यात आले. त्यांतील ‘ट्रॉपिकल लॅटिन’ या वर्गाचा पहिला मान तालवादक टिटो प्वेंते यांना मिळाला. भारतात मात्र तमिळ भक्तिगीत, बंगाली आधुनिक गीत, हिंदी गझल आणि मराठी नाट्यपद यांची तुलना एकाच पंक्तीत होते. विभागणीमुळे लहान परंपरेला स्वतःचे स्थान निश्चित मिळते, तर एकत्रित स्पर्धेत मिळालेल्या गौरवाला देशव्यापी मान्यतेचे वजन येते. मात्र एकत्रित स्पर्धेत एखाद्या भाषेतील उत्तम गीते दीर्घकाळ दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो. मराठीच्या बाबतीत त्याचा प्रत्यय येतो.

मराठी गायक व मराठी गीत : पहिल्या दोन दशकांत मराठी भाषिक गायकांना हा पुरस्कार अनेकदा मिळाला; तथापि तो हिंदी गीतांबद्दल होता. लता मंगेशकर यांना परिचय (१९७२) व कोरा कागज (१९७४), आशा भोसले यांना उमराव जान (१९८१) व इजाजत (१९८७) आणि भीमसेन जोशी यांना अनकही (१९८४) या चित्रपटांसाठी तो देण्यात आला. अनकही हा अमोल पालेकर यांचा चित्रपट चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या मराठी नाटकावर आधारित होता. पण त्याची भाषा हिंदी होती. पुढेही लता मंगेशकर (लेकिन, १९९०) व संजीव अभ्यंकर (गॉडमदर, १९९८) यांना हिंदी, साधना सरगम यांना तमिळ (अळगी, २००१) आणि आरती अंकलीकर-टिकेकर यांना कोकणी (अंतर्नाद, २००६) चित्रपटासाठी हा मान लाभला.

मराठी गीताला हा पुरस्कार प्रथम १९८९ मध्ये मिळाला. कळत नकळत या चित्रपटातील गायनाबद्दल अनुराधा पौडवाल यांची निवड झाली. दुसरा पुरस्कार अंजली मराठे यांना दोघी (१९९५) या चित्रपटासाठी लाभला. दुष्काळाने होरपळलेल्या खेड्यातील कुटुंबाची कथा सांगणाऱ्या या चित्रपटाचे दिग्दर्शन सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी केले होते. दोन्ही चित्रपटांचे संगीतकार आनंद मोडक होते. १९६७ ते २००७ या ४१ वर्षांत मराठी गीतांना मिळालेले पुरस्कार एवढेच.

श्वास (२००३) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाल्यानंतर मराठी चित्रपटाकडे देशाचे लक्ष पुन्हा वेधले गेले. गीतांच्या बाबतीत हे परिवर्तन जोगवा (२००८) या चित्रपटापासून दिसते. जोगते-जोगतिणींच्या जीवनावरील या चित्रपटातील एकाच युगुलगीताबद्दल हरिहरन व श्रेया घोषाल हे दोघेही पुरस्काराचे मानकरी ठरले. दोघांचीही मातृभाषा मराठी नाही, ही उल्लेखनीय बाब होय. याच चित्रपटासाठी अजय-अतुल यांना संगीतदिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर सुरेश वाडकर (मी सिंधुताई सपकाळ, २०१०), आनंद भाटे (बालगंधर्व, २०११), आरती अंकलीकर-टिकेकर (संहिता, २०१२), बेला शेंडे (तुह्या धर्म कोंचा, २०१३), महेश काळे (कट्यार काळजात घुसली, २०१५), सावनी रवींद्र (बार्डो, २०१९) व राहुल देशपांडे (मी वसंतराव, २०२०) यांची निवड झाली. २००८ ते २०२० या १३ वर्षांत मराठी गीतांना असे ९ पुरस्कार मिळाले.

या यादीत दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला, रागसंगीत व नाट्यसंगीत यांचा. बालगंधर्व व मी वसंतराव हे दोन्ही चित्रपट गायकांच्या चरित्रांवर आधारलेले आहेत. कट्यार काळजात घुसली हा चित्रपट पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या १९६७ मधील संगीत नाटकावरून घेतला आहे. मूळ नाटकाचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते व त्यातील खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी गाजविली. महेश काळे हे अभिषेकींचे शिष्य, तर राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू. आनंद भाटे हे भीमसेन जोशी यांचे शिष्य होत. अर्थात, रंगभूमीवर जोपासलेली व गुरुशिष्यपरंपरेने टिकलेली गायकी चित्रपटाच्या द्वारा राष्ट्रीय पातळीवर गौरविली गेली. दुसरा प्रवाह ग्रामीण व उपेक्षित जीवनाशी निगडित गीतांचा असून दोघी, जोगवा व तुह्या धर्म कोंचा हे चित्रपट त्यात मोडतात.

मर्यादा : पुरस्कारांच्या यादीवरून मराठी चित्रपटसंगीताचा इतिहास मांडणे मात्र योग्य ठरणार नाही. सुधीर फडके, वसंत प्रभू, वसंत पवार, राम कदम, दत्ता डावजेकर इ. संगीतकारांनी घडविलेला समृद्ध कालखंड या यादीत प्रतिबिंबित होत नाही. वसंत पवार यांनी संगीत दिलेला सांगत्ये ऐका (१९५९) या पुरस्काराच्या स्थापनेपूर्वीचा आहे. परंतु राम कदम यांच्या संगीताने गाजलेला पिंजरा (१९७२) स्थापनेनंतरचा असूनही त्यातील गायनाला हा मान मिळाला नाही. त्या वर्षीचा गायिकांचा पुरस्कार लता मंगेशकर यांना हिंदी गीतासाठी, तर गायकांचा पुरस्कार येशुदास यांना मलयाळम् गीतासाठी मिळाला होता. दर वर्षी एका गायकाचा व एका गायिकेचा गौरव करणाऱ्या पुरस्कारात लोकप्रिय तमाशाप्रधान चित्रपटांच्या संगीताची दखल घेतली जाणे अवघड होते. लोकांच्या ओठी राहिलेली गीते व पुरस्कारप्राप्त गीते या दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तरच मराठी चित्रपटगीतांचे यथार्थ चित्र उभे राहते.