रहस्यकथा, सायकॉलॉजिकल थ्रिलर आणि भादलीचं स्टेशन

(हा एपिसोडचा लिखित भाग. प्रवासात रेंज जात-येत असेल किंवा हेडफोन घरी राहिले असतील, तर इथे वाचा. बोलताना झालेलं 'अं… अं…' काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

धरणगावहून मी बोलतेय, आणि आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय.

मागच्या एपिसोडनंतर दोन मेसेज आले. पहिला असा: "ताई, रहस्यकथा आणि सायकॉलॉजिकल थ्रिलर एकच ना? का नुसतं इंग्रजी नाव लावलं की भारी वाटतं?" दुसरा गावातूनच: "भो, आपल्या धरणगावचे बालकवी रेल्वेखाली गेले. अपघात का आत्महत्या, कोणालाच माहीत नाही म्हणतात. याच्यावर मिस्ट्री एपिसोड करा ना, लई चालेल."

(मला 'भो' म्हटलेलं चालतं, खान्देशात सगळेच भो.)

दोन्ही मेसेजना एकाच एपिसोडमध्ये उत्तर देते. कारण पहिला प्रश्न नीट सोडवला की दुसऱ्याचं उत्तर आपोआप हाती लागतं.

रहस्यकथा म्हणजे वाचकाशी केलेला करार

सुरुवात १८४१ पासून करू. त्या वर्षी एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाची एक कथा आली. पॅरिसमधल्या एका बंद खोलीत दोन खून झालेत, आणि एक हुशार माणूस नुसता विचार करून उलगडा करतो. आधुनिक गुप्तहेरकथा इथून सुरू झाली असं मानतात. मग १८८७ मध्ये शेरलॉक होम्स आला, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

या कथांमध्ये लेखक आपल्याला एक वचन देतो. प्रश्न मी विचारतो, उत्तरही मीच देईन, आणि उत्तरापर्यंत जायला लागणारं सगळं सामान तुझ्यासमोर ठेवीन. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज लेखकाने, जो स्वतः धर्मगुरू होता, १९२९ मध्ये याचे चक्क दहा नियम लिहून काढले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच भेटायला हवा, भुताखेतांनी कोडं सोडवायचं नाही, हातात आलेला पुरावा गुप्तहेराने वाचकापासून लपवायचा नाही, वगैरे.

आता तुम्ही म्हणाल, सगळं समोर ठेवलं तर आपण फसतो कसे? आपल्याकडचंच एक उदाहरण रचते.

केळीच्या बागेतल्या खोलीत एक व्यापारी मेलेला सापडतो. सालदार सांगतो, "मी रात्री दहाला तिथून गेलो, तेव्हा सगळं ठीक होतं. मोटर चालू होती, पाण्याचा आवाज येत होता." पोलीस लिहून घेतात, आपण पुढे वाचतो. पण तीन पानं आधी चहाच्या टपरीवर एक शेतकरी वैतागून म्हणालेला असतो, "या आठवड्यात शेताची लाईट रात्री बारानंतर. माणसानं झोपायचं कधी?"

झालं! लाईट बारानंतर, तर दहाला मोटर चालू कशी? म्हणजे सालदार खोटं बोलतोय.

पुरावा लपवला नव्हता, तो एका तक्रारीच्या पोटात ठेवला होता. लाईटची तक्रार आपण रोज ऐकतो, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. आणि त्याच वेळी लेखक आपलं लक्ष व्यापाऱ्याच्या भांडखोर पुतण्याकडे वळवतो. तो आदल्या दिवशी भर बाजारात "बघून घेईन" म्हणालेला असतो. चुकीच्या वासावर आपल्याला पळवायचं, हे लेखकाचं काम.

वॉटसन का लागतो, तेही इथेच समजून घ्या. होम्सनेच गोष्ट सांगितली तर त्याच्या डोक्यात काय चाललंय हे आपल्याला लगेच कळेल. म्हणून शेजारी एक भला माणूस बसवायचा, जो सगळं बघतो पण जोडत नाही. थोडक्यात, आपल्यासारखाच. आणि १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्तीने 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड'मध्ये याच सवयीचा असा काही फायदा उठवला की… नाही, शेवट सांगणार नाही. वाचा.

आपल्या मराठीत काय आहे?

भरपूर आहे. बाबूराव अर्नाळकर हे पहिलं नाव. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. हजार! झुंजार, धनंजय, काळापहाड हे त्यांचे नायक. तुमच्या आजोबांसमोर यातलं एक नाव घेऊन बघा, चेहरा कसा उजळतो ते. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद आले. हो, 'दुनियादारी'वाले तेच सुशि.

माझं मत सांगते. यातल्या बऱ्याच गोष्टी होम्ससारख्या कोडं घालणाऱ्या नाहीत, त्या धावणाऱ्या आहेत. वेषांतर, पाठलाग, शेवटच्या क्षणी सुटका. आपण कोडं सोडवायला कमी आणि नायकाबरोबर पळायला जास्त वाचतो. यात कमीपणा काही नाही. वाचनाची गोडी लावणं हे मोठं काम आहे, आणि या पुस्तकांनी ते केलं.

आणि मग मराठीत एक वेगळाच शब्द आहे: गूढकथा. रत्नाकर मतकरींनी या प्रकारात फार ताकदीचं लिहिलं. नारायण धारप त्याच्या शेजारचे, भयकथेचे. रहस्य आणि गूढ हे शब्द आपण सरसकट वापरतो, पण फरक आहे. रहस्याला शेवटी कुलूप उघडणारी किल्ली असते. गूढात किल्ली मिळतच नाही, किंवा मिळते आणि ती भलत्याच दाराची निघते. पुस्तक मिटल्यावरही ते आत चालू राहतं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणजे काय?

'दृश्यम' सगळ्यांनी पाहिलाय. हिंदीतला, निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला, २०१५ चा. २ ऑक्टोबर, पणजी, सत्संग, पावभाजी! आता विचार करा, त्यात खून कोणी केला हे आपल्याला कधी कळतं? लगेच. डोळ्यांसमोरच होतो. तरी आपण शेवटपर्यंत खुर्चीला खिळून का बसतो?

कारण प्रश्न बदलला. 'कोणी केलं?' हा प्रश्न संपला, 'आता यांचं काय होणार?' हा सुरू झाला. हिचकॉक हा दिग्दर्शक याचं एक उदाहरण नेहमी द्यायचा. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला माहीत नाही, तर स्फोट झाल्यावर क्षणभर दचकणं होतं. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर त्या साध्या गप्पासुद्धा जीव घेतात.

सायकॉलॉजिकल थ्रिलर याच्याही एक पायरी खाली उतरतो. तिथे बॉम्ब माणसाच्या मनात असतो. पॅट्रिशिया हायस्मिथची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' ही १९५५ ची कादंबरी घ्या. गुन्हेगाराच्याच डोक्यात आपल्याला बसवलंय. थोड्या वेळाने आपल्याच लक्षात येतं की हा पकडला जाऊ नये असं आपल्याला वाटतंय. आणि मग आपलीच आपल्याला भीती वाटते.

किंवा डॅफ्ने द्यु मोरिएची 'रेबेका', १९३८ ची. गोष्ट सांगणाऱ्या बाईचं नाव अख्ख्या कादंबरीत कळत नाही. नवऱ्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोच्या सावलीत ती इतकी दबलीय की तिला जणू नावच उरलेलं नाही. तिथे भूत नाही, पिस्तूल रोखून कोणी उभं नाही. नुसती एक बाई आणि तिला स्वतःबद्दल वाटणारी शंका. तरी धडधड होते.

तर पहिल्या मेसेजचं उत्तर असं. रहस्यकथेत आपण पुराव्यावर शंका घेतो. सायकॉलॉजिकल थ्रिलरमध्ये आपण सांगणाऱ्यावर शंका घेतो, आणि चांगला असेल तर स्वतःवरही. दोन्हींची मजा एकत्र हवी असेल तर केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' बघा. 'जाने जाँ' हा २०२३ चा सिनेमा त्याच्यावरच आहे. खून कोणी केला हे सुरुवातीलाच माहीत, तरी शेवटी तोंडात बोट.

'सायको' या शब्दाबद्दल थोडं

इथे एक गोष्ट मला खटकते. या प्रकारातल्या आळशी पुस्तकांमध्ये शेवटी काय निघतं? "त्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता." संपलं. मानसिक आजार म्हणजे खुनाचं कारण, असं सरळ समीकरण. प्रत्यक्षात डिप्रेशनने किंवा दुसऱ्या मानसिक आजाराने त्रासलेली बहुतेक माणसं कोणाला इजा करत नाहीत. ती आपल्या आसपास असतात, दुकान चालवतात, कॉलेजला येतात आणि गप्प असतात. 'सायको' हे लेबल लागेल या भीतीने जास्तच गप्प होतात. चांगला थ्रिलर मनाच्या आत नेतो, वाईट थ्रिलर मनावर शिक्का मारतो. परीक्षा सोपी आहे: पुस्तक संपल्यावर त्या माणसाबद्दल जास्त कळलं, का नुसती भीती वाढली?

आता बालकवी

त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म १३ ऑगस्ट १८९०, आपल्या धरणगावात. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्याला घरच्यासारखं सांभाळलं. 'फुलराणी', 'औदुंबर', 'श्रावणमास' शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय.

५ मे १९१८. जळगाव आणि भुसावळच्या मधलं भादली स्टेशन. तिथे रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला. वय २७.

सांगितलं जातं ते असं की घाईत रूळ ओलांडताना चप्पल अडकली, ती काढायला गेले आणि गाडी आली. मृत्यूची नोंद सगळीकडे अपघाती अशीच होते. पण त्यांच्या काही कवितांमध्ये खोल उदासी आहे, आणि म्हणून दुसरी कुजबुजही शंभर वर्षं चालू आहे.

याची मिस्ट्री करता येईल का? येईल की. मागे हळू म्युझिक टाकायचं, 'पारवा' आणि 'खेड्यातील रात्र' या कवितांतली उदासी काढून "हे पुरावे होते का?" असं विचारायचं, शेवटी "सत्य रुळांनाच ठाऊक" म्हणायचं. चाललाही असता.

पण मगाशी काय म्हटलं होतं ते आठवा. रहस्यकथेत लेखकाने पुरावे स्वतः पेरलेले असतात, म्हणून ते जुळतात. टपरीवरची ती तक्रार लेखकाने मुद्दाम ठेवली होती. खऱ्या आयुष्यात कोणी काही पेरलेलं नसतं. उदास कविता ही पुरावा नसते, ती कविता असते. ज्याने 'पारवा' लिहिली त्यानेच 'फुलराणी' लिहिली. एक पुराव्यात धरायची आणि दुसरी सोडायची, हा नॉक्सच्या नियमांतसुद्धा बसणारा प्रकार नाही.

आणि दुसरी गोष्ट. हा प्रश्न फक्त १९१८ चा असता तर कदाचित मी केलाही असता एपिसोड. पण आपल्या गावातून उधना-जळगाव लाईन जाते. रुळावर, विहिरीत, शेतात कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी काय होतं ते आपण बघतो. पंचनामा व्हायच्या आत व्हॉट्सअॅपवर कथानक तयार असतं. कोणाशी बोलत होता, स्टेटस काय ठेवलं होतं, घरी भांडण झालं होतं का. आमच्या गल्लीतल्या एका घरात असं झालं होतं. ती आई वर्षभर किराणा आणायला बाहेर पडली नाही. मुलगा गेला म्हणून एक, आणि दुकानात प्रत्येकाच्या डोळ्यात तिला तोच प्रश्न दिसायचा म्हणून दुसरं. आपण सगळे गुप्तहेर झालो होतो, आणि संशयित कोण? तर ज्यांचं माणूस गेलं तेच.

पुस्तकातल्या प्रेताला आई नसते, लेखकाने दिली तरच असते. खऱ्या माणसाला असते. म्हणून बालकवींचा मृत्यू माझ्यासाठी रहस्य नाही, गूढ आहे. किल्ली नसलेलं. ते तसंच ठेवायचं धाडस आपल्यात हवं. त्यापेक्षा पुढच्या महिन्यात बालकवींच्या कवितांवर एपिसोड करू, ज्याने मेसेज केला त्यालाच वाचायला बोलावते.

कुठून सुरुवात करायची?

कोडं आवडत असेल तर होम्सच्या छोट्या कथा घ्या, मराठीत अनुवाद आहेत. घरातल्या लहान भावंडांना सत्यजित राय यांचा फेलूदा द्या, तोही मराठीत मिळतो. पळापळ हवी तर सुशि. रात्री झोप नको असेल तर मतकरी. मनाच्या आत उतरायचं असेल तर 'रेबेका'. ऑडिओबुक ऐकणार असाल तर एक सल्ला: रहस्यकथा दीडपट स्पीडवर लावू नका. पुरावा नेमका त्या पळवलेल्या वाक्यात असतो!

आणि हे ऐकताना कोणाला स्वतःचं काही जड झालं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. लाजू नका.

शेताच्या लाईटवाली गोष्ट पूर्ण करायची आहे कोणाला? व्यापारी का मेला, सालदार खोटं का बोलला, पुतण्या कुठे होता, दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुरावा मात्र आधी दाखवायचा, करार लक्षात आहे ना!

भेटू पुढच्या रविवारी.