नाव घालायचं की नाही

विमान अपघातांवर लिहिताना माझा हात सर्वांत जास्त वेळ अडला तो एका ट्रकचालकापाशी. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी संपता संपता कसंबसं जमिनीपासून सुटलं. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जातो. त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. जखमी विमान थोडं पुढे गेलं, विजेच्या उच्चदाबाच्या तारांना लागलं आणि कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले.

चौकशीत दोन कारणं ठरली. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक रोखायची जबाबदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नाही. ट्रकचालक या दोन्हींत कुठेच बसत नाही. रस्ता उघडा होता, तो गाडी चालवत होता. पण हकिगत सांगायला लागलं की चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं ते ट्रकचंच. त्यात चालकाचं नाव घातलं तर वाचणारा त्या नावापाशी थांबणार आणि पुढच्या वाक्यातलं प्राधिकरण त्याच्या नजरेतून निसटणार. म्हणून मी ‘कापसाच्या गाठींचा ट्रक’ एवढंच लिहिते आणि प्राधिकरणाचं नाव मात्र पूर्ण लिहिते.

मसुदा पूर्ण झाला की त्यात आलेली सगळी माणसं मी एका वेगळ्या कागदावर उतरवते. वैमानिक, हवाई सुंदरी, टॉवरमधला नियंत्रक, आदल्या रात्री विमान तपासणारा तंत्रज्ञ, वाचलेले प्रवासी, गेलेले प्रवासी, मदतीला धावलेले गावकरी, न्यायाधीश, मंत्री, कंपनीचे अधिकारी. मग प्रत्येकासमोर पेन्सिलीने लिहिते की त्या वाक्यात हा माणूस काय करतो. न्यायाधीशांचं आणि मंत्र्यांचं काम लवकर उरकतं. मंगळूरच्या २०१० च्या अपघाताची चौकशी एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. हे नाव लिहायलाच हवं, कारण ते निष्कर्षाची जबाबदारी घेणारं नाव आहे. अडचण उरते ती ज्यांनी सार्वजनिक आयुष्य कधी निवडलंच नाही त्यांच्याबाबत. ते कामावर होते, किंवा तिकीट काढून बसले होते, एवढंच.

त्याच मंगळूरच्या अहवालात कॅप्टन उड्डाणात दीड तासाहून अधिक वेळ झोपला होता आणि उतरताना झोपेची गुंगी पुरती उतरलेली नव्हती, असं म्हटलं आहे. ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज आहे. सहवैमानिकाने तीनदा ‘उतरू नका, पुन्हा वर घ्या’ असं सुचवलं, तरी विमान उतरवलं गेलं आणि १५८ जण मेले. इथे झोप लिहावीच लागते, घोरणंही, कारण झोपेचा पुरावा तोच आहे. पण गेलेल्या माणसाच्या घोरण्यासमोर त्याचं नाव ठेवलं की वाक्याचा सूरच पालटतो. ‘कॅप्टन’ म्हटलं की लांबच्या रात्रीच्या उड्डाणांचा, विश्रांतीच्या वेळापत्रकाचा, ज्येष्ठाला अडवायला कचरणाऱ्या कनिष्ठाचा विचार सुरू होतो. नाव म्हटलं की विचार त्या एका माणसाच्या स्वभावाकडे वळतो. मी पदच ठेवते.

हे माझ्या एकटीचं शहाणपण नाही. १९४४ च्या शिकागो कराराला जोडलेलं तेरावं परिशिष्ट विमान अपघातांच्या तपासाबद्दल आहे. तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा उत्तरदायित्व वाटणं हा नाही, असं ते सांगतं. अपघाताशी संबंधित व्यक्तींची नावं तपासयंत्रणेने जाहीर करू नयेत, असंही. आपल्याकडे २०१२ पासून विमान अपघात तपास ब्यूरो हे काम करतो. असे अहवाल वाचताना सुरुवातीला फार कोरडे वाटतात. वय, परवान्याचा प्रकार, एकूण उड्डाणतास, गेल्या चोवीस तासांतली विश्रांती. सवय झाली की लक्षात येतं, त्या कोरडेपणात माणसाला दिलेलं संरक्षण आहे.

पण ते संरक्षण किती तोकडं पडतं हे अहमदाबादने दाखवलं. १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. बरोबर महिन्याने प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’कडे गेले; एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘बंद का केलंस’ असं विचारलं; दुसऱ्याने ‘मी केलं नाही’ असं उत्तर दिलं. कोणता आवाज कोणाचा, हे अहवालाने सांगितलं नाही. नावही कुणाचं घेतलं नाही. मात्र दोघांची नावं, छायाचित्रं आणि घरचे लोक महिनाभर आधीच जगभर पोहोचलेले होते. त्यामुळे अहवालाने मोकळी ठेवलेली जागा लोकांनी लगेच भरून टाकली. कोण कुठे राहत होता, कोणाच्या घरी कोण आजारी होतं, कोण नोकरी सोडण्याच्या विचारात होता, असल्या तपशिलांतून आरोपपत्रं तयार झाली. शेवटी कॅप्टनच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तुमच्या मुलाला दोष दिला जातोय असं ओझं तुम्ही बाळगू नका, अशा आशयाचे शब्द न्यायालयाने त्यांना ऐकवले. एका बापाला हे न्यायालयातून ऐकावं लागलं, ही गोष्ट मला अजून सलते.

अहमदाबादच्या अपघाताच्या दिवशी दुपारीच प्रवाशांची यादी लोकांच्या फोनवर फिरत होती. पासपोर्टवरची पूर्ण नावं. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानंतर अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना आधी कळवायची व्यवस्था बसवली गेली, ती याचसाठी. आपल्याकडे यादी फुटली की ती आणखी बरंच काही सांगते. आडनावावरून जात कळते, धर्म कळतो, पुष्कळदा गाव कळतं. वडिलांचं नाव मधे असतंच. तीन शब्दांत एका घराचा पत्ता लागतो. त्यामुळे नुसतं नाव गाळून भागत नाही. ‘अमुक गावचा, अमुक कंपनीत नुकताच लागलेला, दोन बहिणींचा एकुलता भाऊ’ असं लिहिलं की नाव न घेताही ते घेतलं जातं. मसुद्याच्या दुसऱ्या वाचनात मी हे तपशील शोधते. गाव काढायचं की नातं, हे ठरवायला नाव काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो. जिथे एकच माणूस वाचला आहे तिथे तर कुठलाच उपाय चालत नाही. तिथे फक्त एवढंच हातात असतं की त्याच्या मनाची अवस्था, त्याचं घर, त्याचे उपचार यांना हात लावायचा नाही.

नावाने काय होऊ शकतं याचं सर्वांत भीषण उदाहरण युबरलिंगेनचं आहे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या आकाशात, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांवर आदळली. ७१ जण गेले. रशियन विमानात बहुतेक शाळकरी मुलं होती, सुट्टीसाठी स्पेनला निघालेली. ते आकाश झुरिकचं नियंत्रण केंद्र सांभाळत होतं. तिथे त्या रात्री एकच नियंत्रक खुर्चीत होता. दुसरा विश्रांतीला गेला होता, आणि तसा पायंडा व्यवस्थापनाने चालू दिला होता. दुरुस्तीमुळे मुख्य फोन बंद होते, टकरीची आगाऊ सूचना देणारी यंत्रणाही पूर्ण चालू नव्हती. शेजारच्या जर्मन केंद्राला धोका दिसला, पण त्यांचा फोन लागेना. नियंत्रक त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर उशिरा आलेलं एक विमान उतरवत होता. त्याने रशियन विमानाला खाली यायला सांगितलं. विमानातल्या यंत्राने वर जायला सांगितलं. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं.

इथे दोष कोणाचा, हे समजायला या सगळ्या साखळीतून जावं लागतं. पण बायको आणि दोन मुलं गमावलेल्या एका बापापर्यंत साखळी पोहोचली नाही. एक नाव पोहोचलं. २४ फेब्रुवारी २००४ ला त्याने नियंत्रकाचं घर गाठलं आणि दारातच त्याला भोसकून मारलं. घरात नियंत्रकाची बायको-मुलं होती. जर्मन तपासयंत्रणेचा अंतिम अहवाल त्यानंतर तीन महिन्यांनी, मे २००४ मध्ये, आला. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने नियंत्रण कंपनीच्या चौघांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं, त्यांत तिघे व्यवस्थापक होते. या प्रकरणावर लिहिताना मी नियंत्रकाचं नाव घेत नाही, त्या बापाचंही घेत नाही. कंपनीचं नाव घेते. तिचं नाव स्कायगाइड.

मुद्दाम केलेल्या कृत्यालाही हाच नियम लावायचा का, असं एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने फ्रान्सच्या डोंगरावर विमान आदळून स्वतःसह १५० जणांचा जीव घेतला. सरकारी वकिलांनी दोन दिवसांत त्याचं नाव जाहीर केलं, आणि काही ठिकाणी भलत्याच माणसाचं छायाचित्र छापलं गेलं. ज्यांनी नाव छापलं त्यांना मी दोष देणार नाही. गुन्ह्याची माहिती लोकांना मिळायला हवी होती. पण फ्रेंच तपासयंत्रणेचा अहवाल वाचला तर त्याचं नाव न घेता सगळं उलगडतं. मानसिक आजाराची खूण डॉक्टरांना दिसूनही ती विमान कंपनीपर्यंत का गेली नाही, नोकरी जाण्याच्या भीतीने वैमानिक आजार का लपवतात, ही त्यातली खरी माहिती. तेच आडनाव लावणारे त्याचे आईवडील जिवंत असताना माझ्या लेखात ते नाव कशाला हवं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

इतकं सगळं नाव गाळण्याच्या बाजूने लिहिल्यावर दुसरी बाजू आठवते, आणि ती मला तेवढीच खरी वाटते. २३ जून १९८५ ला एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात स्फोट झाला आणि ते आयर्लंडजवळ समुद्रात पडलं. ३२९ जण गेले. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते, पण भारतीय वंशाचे. कॅनडाने हे मरण आपलं मानलंच नाही, अशी त्यांच्या कुटुंबांची वर्षानुवर्षांची व्यथा होती. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा अहवाल यायला २०१० उजाडलं. आयर्लंडच्या किनाऱ्यावर अहाकिस्ता गावी स्मारक आहे आणि तिथे दगडावर प्रत्येकाचं नाव कोरलेलं आहे. त्या कुटुंबांसाठी नाव म्हणजे हक्क होता. त्यांना ‘३२९ प्रवासी’ या आकड्यात विरघळायचं नव्हतं.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलेल्या ‘कांचनजंगा’ विमानाचं तसंच. होमी भाभा त्यात होते, म्हणून आपण तो अपघात विसरलो नाही. उरलेले ११६ जण भाभांच्या पाठीमागे कायमचे उभे आहेत. तिथली हिमनदी अजून त्या विमानातल्या वस्तू खाली आणून सोडते. २०१२ मध्ये राजनैतिक टपालाची थैली सापडली. अशा सामानात कधी कुणाचं खाजगी पत्र निघालं, तर ते छापायचं की घरच्यांना शोधून द्यायचं? मी आधी घर शोधेन.

म्हणून गेलेल्या प्रवाशांबाबत मी शक्य असेल तिथे विचारते. १ जानेवारी १९७८ ला ‘एम्परर अशोक’ विमान वांद्र्याच्या समुद्रात पडलं. दुबईला निघालेले २१३ जण उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत गेले. त्या लेखासाठी मी एका वयस्क बाईंना फोन केला होता. त्यांचा थोरला भाऊ त्यात होता. फोन उचलल्यावर त्यांनी आधी मला सांगितलं, ‘‘वैमानिकाबद्दल वाईट लिहू नका हं.’’ मी कारण सांगितलं. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र अडकलं, रात्रीच्या काळ्या समुद्रावर बाहेर पाहून काही कळेना, आणि त्याने विमान उलट बाजूला कलतं केलं. त्या ऐकत होत्या. मग मी भावाच्या नावाचं विचारलं.

‘‘ताई, त्याचं नाव घाला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण वहिनीला विचारून सांगते. तिने नंतर दुसरं घर केलं. मुलांना ते नाव लागत नाही आता.’’

आठवडाभराने त्यांचा निरोप आला. वहिनी नको म्हणाल्या होत्या. लेख नावाशिवाय गेला. बहिणीला छापील अंक पाठवला तेव्हा त्यांच्या प्रतीत मी भावाचं नाव समासात पेनने लिहून दिलं, कारण तेवढं त्यांनी मागितलं होतं.