'लेबर' म्हणजे नेमकं काय?

आज आपण ज्या गावात जमलो आहोत, त्याच्या नावापासूनच सुरुवात करू. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. आपल्या खानदेशात मांडे भाजतो तेही खापरच. आणि दोष दुसऱ्याच्या माथी मारला, तर त्याच्यावर 'खापर फोडलं' म्हणतो. शब्द एक, अर्थ तीन. तरी कुणाचा गोंधळ होत नाही, कारण संदर्भ समोर असतो. संदर्भ सुटला की एक अर्थ गुपचूप दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतो. 'लेबर' या इंग्रजी शब्दाचं तसंच झालं आहे, असं आम्हाला वाटतं.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कष्ट. इंग्रजीत त्याला फांद्या फुटल्या. पहिला अर्थ श्रम, म्हणजे कष्टाची क्रिया. दुसरा, ते कष्ट करणारा वर्ग. ब्रिटनच्या लेबर पार्टीला आपण मजूर पक्ष म्हणतो, डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली काढलेला पक्षही स्वतंत्र मजूर पक्ष. तिसरा अर्थ अर्थशास्त्रातला: जमीन आणि भांडवल यांच्या जोडीला बसवलेला उत्पादनाचा घटक. आणि चौथा, बाळंतपणाच्या कळा. दवाखान्यातली 'लेबर रूम' ती हीच.

आता आपल्या बोलण्यात काय उरलं ते पाहा. "उद्या दहा लेबर पाठवा." "मटेरियल वेगळं, लेबर वेगळं." पहिल्या वाक्यात लेबर म्हणजे डोकी, दुसऱ्यात रक्कम. मधला कष्ट करणारा माणूस कुठे गेला?

कार्ल मार्क्सनं श्रम आणि श्रमशक्ती यांत भेद केला, तो इथं उपयोगी पडतो. मजूर स्वतःला विकत नाही. काम करण्याची आपली ताकद ठराविक वेळेपुरती विकतो. वेळ संपली की तो मोकळा. हा मोकळेपणा नसेल, तर ती मजुरी नव्हे, वेठ. 'वेठीला धरणं' हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतो, पण वेठबिगारी कायद्यानं बंद व्हायला १९७६ साल उजाडावं लागलं.

आपल्या अक्कलकुवा-धडगाव भागातली कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. तिथं मोजणी माणसांची नसते, 'कोयत्या'ची असते. एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. "दहा कोयते आले" म्हणजे वीस माणसं आली, पण कानावर पडतं ते हत्याराचं नाव. उचल फिटेपर्यंत जोडी अडकलेली. मग विकली गेली ती ताकद, की माणसं? प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण तो फडावर रोज उभा असतो.

त्यातही बाईकडे पाहा. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि खोपीवर परतल्यावर चूल पेटवते. हॅना आरेंट या विदुषीनं १९५८ च्या आपल्या ग्रंथात दोन गोष्टी वेगळ्या केल्या: टिकाऊ वस्तू घडवणं, आणि जगण्यासाठी रोज करावं लागणारं, केलं की संपणारं, उद्या पुन्हा करावं लागणारं काम. आपल्या मराठीत दोन्ही 'काम'च! पण चुलीपुढचं काम हिशेबात धरलं जात नाही. बाई गरोदर असली, तर 'लेबर'चे दोन अर्थ एकाच देहात येतात. फडावरचा कष्ट अर्ध्या कोयत्यात बुडतो. प्रसूतीचा कष्ट वहीत चढतच नाही.

याउलट आपली जुनी इर्जिक आठवा. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. सातपुड्यातल्या पाड्यांवरची 'लाह' ही त्याच जातीची. तिथं किती डोकी आली यापेक्षा कोण आलं, हे लक्षात राहतं. इर्जिकीवर साखर कारखाना चालणार नाही, हे मान्य. पण श्रम ही विकाऊ वस्तू नव्हे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९४४ साली फिलाडेल्फियाच्या जाहीरनाम्यात मांडलं, तेव्हा संघटना कारखान्यांच्या जगाबद्दलच बोलत होती.

तेव्हा यापुढे कुणी 'लेबर' म्हटलं, तर विचारा: कामाबद्दल बोलताय, पैशाबद्दल की माणसाबद्दल? माणसाबद्दल असेल, तर नाव विचारा. आणि कोयता म्हटलं, तर दोन नावं विचारा.