आर्सेनिक: यकृतातून त्वचेपर्यंत

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातील गाळात आर्सेनिक, म्हणजे सोमलातील विषारी मूलद्रव्य, लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून असते आणि प्राणवायू नसलेल्या थरांत जिवाणूंमुळे ते लोह विरघळू लागले की तेही पाण्यात उतरते. तळ्यांच्या दूषित पाण्यातून होणारे हगवण-पटकीसारखे रोग टाळावेत, या हेतूने बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये ज्या असंख्य कूपनलिका खोदल्या गेल्या, त्यांतील बहुतेक याच उथळ थरांपर्यंत पोचल्या. या पाण्याला वेगळा रंग, वास वा चव नसल्याने ते वर्षानुवर्षे निर्धास्तपणे प्यायले गेले. 1983 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा यांनी या विषबाधेचे निदान केले, ते ग्रामीण रुग्णांच्या त्वचेवरील खुणांमुळे.

शरीरात आर्सेनिकासाठी स्वतंत्र वाट नाही. ते दुसऱ्यांच्या वाटेने आत शिरते. त्याचे आर्सेनेट हे रूप फॉस्फेटशी इतके मिळतेजुळते असते की पेशी त्याला फॉस्फेटच्याच मार्गाने आत घेतात, तर आर्सेनाइट हे अधिक घातक रूप ग्लिसेरॉलची ने-आण करणाऱ्या वाहिन्यांतून शिरते. पाण्यातून गिळलेल्या आर्सेनिकाचा फार मोठा भाग अशा रीतीने आतड्यांतून रक्तात जातो.

यानंतरचे मुख्य काम यकृताचे. तेथे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आर्सेनिकाला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा मिथिल गट जोडते आणि मग दुसरा. दोन गट जोडलेले संयुग मूत्रावाटे सहज बाहेर पडते. या क्रियेला फार काळ विषनिवारण समजले गेले, पण ते अर्धेच खरे आहे, कारण एकच गट जोडलेले मधले संयुग त्याच्या त्रिसंयुजी रूपात मूळ आर्सेनाइटपेक्षाही जहाल ठरते. ज्यांच्या मूत्रात या मधल्या संयुगाचे प्रमाण जास्त, त्यांना त्वचाविकारांचा धोका अधिक, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. मिथिल गटांच्या पुरवठ्याला पालेभाज्या व डाळींतील फोलेट लागते. बांगलादेशात फोलेटची उणीव असलेल्यांना ते पूरक म्हणून दिल्यावर रक्तातील आर्सेनिक घटले. एकच हातपंप वापरणाऱ्या सर्वांना सारखाच रोग का होत नाही, याचा काही उलगडा यातून होतो. गरिबीचे ताट येथेही आड येतेच.

जे बाहेर पडत नाही ते प्रथिनांमधील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटते. त्वचा, केस व नखे यांतील केराटिन या प्रथिनात असे गट विपुल असल्याने आर्सेनिक तेथे साठत जाते. सामान्यतः काही वर्षांनी छातीवर आणि पाठीवर, पावसाचे थेंब शिंपडावेत तसे, काळपट व मधूनमधून फिकट ठिपके उमटतात. तळहात-तळपाय जाड होऊ लागतात. सुरुवातीचे कण दोन मिलिमीटरहूनही लहान असल्याने ते डोळ्यांपेक्षा बोटालाच आधी जाणवतात, मात्र पुढे त्यांचे चामखिळीसारखे कठीण उंचवटे होतात, भेगा पडतात आणि हाताने काम करून पोट भरणाऱ्याला अवजार धरणेही कठीण जाते. काहींच्या बाबतीत अशा जागी कर्करोग उद्भवतो.

खात्रीचे औषध उपलब्ध नसल्याने पाणी बदलणे हाच मुख्य उपाय उरतो. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. पाणी बदलल्यावर ठिपके काही अंशी फिके होतात, पण जाड झालेली त्वचा सहसा पूर्ववत होत नाही. चिलीतील अँटोफागास्ता शहराला 1958 ते 1970 या काळात लिटरमागे सुमारे 860 मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी मिळत होते; शुद्धीकरण सुरू झाल्यानंतरही तेथील फुप्फुसाच्या व मूत्राशयाच्या कर्करोगाचे वाढलेले मृत्युप्रमाण अनेक दशके टिकून राहिले.